अत्तर लांबून लागत नाही

यंदा थंडी दिवाळीनंतरही पंधरा दिवस अडून बसली आणि मग एकदम आली. सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली दिसली, तेव्हा मी ट्रंक उघडून शाल काढली. शालीच्या घडीत हिन्याच्या अत्तराची कुपी असते. वर्षातले आठ महिने ती तिथं निजलेली असते. काचेचं बूच फिरवलं, काडीनं एक थेंब मनगटाला लावला, कापसाच्या इवल्याशा बोळ्याला उरलेलं पुसलं, आणि तो फाया कानाच्या वरच्या वळीत बसवून टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम. मग शाळेत गेले.

मी मुख्याध्यापिका आहे. थंडीच्या चार महिन्यांत मला व्हरांड्यात कधी ओरडावं लागत नाही. वळणावर वास पोचतो आणि मागोमाग मी. तोवर मुली वर्गात जाऊन बसलेल्या असतात. लोक अत्तराचे पुष्कळ गुण सांगतात, मला हा एक पुरतो.

लेक मुंबईला बँकेत आहे. दिवाळीत तिनं सेंटची बाटली आणली. बाटलीची मान बगळ्यासारखी, वर सोनेरी टोपण. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की यात फुलं आहेत आणि पूर्वेकडचे ऊबदार मसाले आहेत. मी म्हटलं, पूर्वेकडचे म्हणजे आपलेच की. ती म्हणाली, "आई, नुसतं दाबायचं. हात लावायला नको." दाबलं. फुस्सकन वारा आला, आधी मोगऱ्यासारखं काहीतरी, मग व्हॅनिलाच्या बिस्किटासारखं. वाईट नाही. चांगलंच आहे. पण 'हात लावायला नको' हे जे ती म्हणाली, ते माझ्या डोक्यात दोन दिवस राहिलं.

हिना म्हणजे मेंदीचं फूल. कुंपणाच्या मेंदीला बारीक फुलं येतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्या फुलांत चंदन, केशर, जायपत्री, नागरमोथा आणि अत्तरवाले सांगत नाहीत अशा आणखी दहा जिनसा मिसळल्या की हे अत्तर होतं. रंग काळपट, काढ्यासारखा. पहिल्यांदा नाकाला औषधाचा वास येतो आणि नवा माणूस तोंड वाकडं करतो. थोडा धीर धरावा. मग फूल येतं. दुपारपर्यंत फूल जातं आणि खालून ऊब वर येते, चुलीजवळ वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. संध्याकाळी शाल काढून ठेवली तरी ती ऊब खोलीत असते. पांढऱ्या कपड्यावर थेंब पडला तर मात्र डाग जात नाही. माझ्या दोन साड्यांना तो आहे.

हे अत्तर आमच्या घरी माझ्या मायनं आणलं. आमची माय म्हणजे पारबताबाई, अकोल्याच्या एका जिनात कामाला. कापूस सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, जाण्याआधी त्यातला पाला, काडी, किडकं बोंड वेचून काढायचं काम. सकाळी जाताना लुगडं निळं असे आणि येताना पांढरं. भुवयांवर रुई, पापण्यांवर रुई. बाबा मालधक्क्यावर हमाल होते. छप्पनच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले जुने देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. बाबांनी जुनी काही कामं सोडली. मायनं त्या थंडीत एक काम धरलं. हंगामाच्या पहिल्याच पगाराच्या दिवशी ती अत्तराच्या दुकानात गेली.

मी चौदा वर्षांची होते, तिच्याबरोबर होते. दुकान म्हणजे ओट्यावरचं एक लाकडी कपाट आणि त्यापुढं बसलेले म्हातारे चाचा. मायनं विचारलं, "सगळ्यात भारी कोनतं?"

चाचांनी तिच्या पापण्यांवरची रुई बघितली. "शादी में देना है, बाई?"

"नाही. माह्यासाठी."

चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी हिन्याची कुपी काढली. काडी अत्तरात बुडवून ते नमुना लावायला पुढं झाले, तसा मायनं हात मागं घेतला आणि काडी त्यांच्याकडून मागून घेऊन स्वतःच स्वतःला लावलं. मला ते विचित्र वाटलं. घरी येताना विचारलं, तेव्हा तिनं एकदाच ती गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

ती आठेक वर्षांची होती. माहेर अकोटजवळचं खेडं. पाटलांच्या घरी लग्न होतं आणि तिच्या घरचे मांडवाबाहेर उभे होते. आत एक माणूस अत्तरदाणी घेऊन पाहुण्यांच्या ओळीतून फिरत होता. प्रत्येक जण हात उपडा करून पुढं धरी, तो हाताच्या पाठीला अत्तर लावी आणि पुढं सरके. मायनं ते बघितलं आणि आपलाही हात तसाच उपडा करून धरला. तो माणूस मांडवाच्या कडेपर्यंत आला. त्यानं अत्तरदाणी दुसऱ्या हातात घेतली, गुलाबदाणी उचलली आणि लांबूनच झटकली. चार थेंब तिच्या अंगावर आले. हात तसाच राहिला.

"गुलाबपानी लांबून शिपडता येते," माय म्हणाली. "अत्तर लांबून लागत नाही. त्याले शिवा लागते."

म्हणून तिनं ठरवलं होतं की अत्तरासाठी आपण हात पुढं करायचा नाही, कधीही, कुणापुढंही. अत्तर आपलं असावं आणि आपण लावावं. दीक्षा घेतल्यावर पुष्कळांनी पुष्कळ ठरवलं. तिनं हे.

मग ती लावू लागली. रविवारी, वंदनेला जाताना, बाजारात जाताना. आमच्या वस्तीतल्या बायका वासासरशी दारात येत. "पारबता चालली वाटते! व माय, साऱ्या गल्लीले लगन लागल्यावानी वाटून राह्यलं." माय थांबून विचारी, "लावू का तुले?" आणि फायासाठी कमरेच्या चंचीतून कापूस काढी. तो कापूस रेच्यावरचा नसे. चांगल्या बोंडातला, लांब धाग्याचा, तिनं निवडून ठेवलेला. दोन बोटांत फिरवला की गव्हाएवढा फाया होई. फाये करावेत तर मायनं. मी अजून औषधाच्या दुकानातला कापूस वापरते आणि तो एका दिवसात विस्कटतो.

त्या पहिल्या वर्षी एक फजिती झाली, तीही सांगायला हवी. पुढच्या वैशाखात बुद्धपौर्णिमा आली. आमच्याकडचा वैशाख म्हणजे दुपारी पत्र्यावर पापड भाजावेत असा. पहिली जयंती, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. माय म्हणाली, आज नाही लावायचं तर कधी? तिनं स्वतःला लावलं, बाबांना लावलं, मला लावलं, आणि मागतील त्या सगळ्यांना लावलं. मिरवणूक अर्ध्यावर आली आणि बाबांचा घोळणा फुटला. मग शेजारच्या सखूबाईचा. मग आणखी तिघांचा. पांढऱ्या कपड्यांवर लाल थेंब. लोक सावलीत आडवे पडले, कुणी कांदा फोडून हुंगवला. सखूबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन म्हणाली, "पारबते, तुह्या अत्तरानं मले मारलं असतं वं. बुद्धाले सांगून ठेव, पुढच्या साली हिवाळ्यात जलम घे म्हना."

दुसऱ्या दिवशी माय चाचांच्या दुकानात भांडायला गेली. चाचांनी कपाळाला हात लावला. "बाई, हिना गरम है! जाड़े की चीज है. गर्मी में खस लगाते हैं, बारिश में केवड़ा. आपको किसी ने बताया नहीं?"

कोण सांगणार? अत्तराला ऋतू असतो हे ज्यांच्या घरी अत्तर असतं त्यांना लहानपणी, न सांगता कळतं. आम्हांला नाकातून रक्त आल्यावर कळलं. पण एकदा कळलं की माय ते विसरणाऱ्यांतली नव्हती. उन्हाळ्यात वाळा, पावसाळ्यात केवडा, थंडीत हिना. पंचांगात लिहिलेलं असावं तसं तिनं पाठ करून टाकलं.

मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीला अध्यापिकांच्या वर्गाला लागले. वसतिगृहात राहिले. मायनं ट्रंकेत एक छोटी कुपी घातली होती. वसतिगृहाचे नियम भिंतीवर लिहिलेले होते. सुवासिक तेल, पावडर, अत्तर वर्ज्य. मी कुपी उघडलीही नाही. पण हिन्याला उघडावं लागत नाही. माझ्या सगळ्या कपड्यांना मायचा वास होता.

माझ्या खोलीत निर्मला होती, दर्यापूरकडची, मोठ्या घरची, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. ती म्हणायची, "देवका, तुझी ट्रंक उघडली की मला अक्षता टाकाव्याशा वाटतात." हे मला चालत होतं. पण एकदा दुसरी एक मुलगी म्हणाली, "असलं भारी अत्तर घरंदाज बायका लावत नाहीत. गाण्याबजावणीच्या बायका लावतात." मी त्या रविवारी सगळे कपडे सोडा घालून उकळले.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत संमेलन होतं आणि पालकांना बोलावलं होतं. मी घरी पत्र लिहिलं. गाडी कोणती, बडनेऱ्याला कुठं बदलायची, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'मायनं अत्तर लावून येऊ नये. इथं चालत नाही.' लिहिताना मला एक गोष्ट नीट माहीत होती आणि मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माय निरक्षर, पत्र बाबा वाचत. आणि बाबांना मनात वाचता येत नसे. दारात खाटेवर बसून ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचत. म्हणजे माझं ते वाक्य सगळ्या वस्तीनं ऐकलं असणार.

संमेलनाच्या दिवशी माय एकटीच आली. बाबांना सुटी मिळाली नव्हती. धुतलेलं निळं लुगडं, पायांत नव्या चपला. मी फाटकाशी तिला घेतलं नाही. एका लहान मुलीला पाठवून तिला मागच्या रांगेत बसवलं आणि मी पानाच्या विड्यांचं तबक घेऊन रंगमंचाच्या बाजूला उभी राहिले. मला काम होतं हे खरं. काम नसतं तर मी शोधलं असतं, हेही खरं.

भाषणं झाली, नाच झाला. दिवस पुसाचा, म्हणजे पौषातला, हवा बोचरी, दिवाणखान्यासारख्या त्या लांब हॉलमध्ये फरशीतून गारवा चढत होता. मग निर्मला अत्तरदाणी घेऊन पाहुण्यांच्या रांगांतून निघाली. हात उपडे होत होते, ती लावत होती. मी तबक धरून लांबून बघत होते. माय हात पुढं करणार नाही, मला ठाऊक होतं. मग निर्मला काय करील? आणि माय काय बोलेल?

निर्मला मागच्या रांगेत पोचली. "मावशी, हात."

मायचे हात पदराखाली होते. तिनं नाक जरा पुढं केलं. "हा वाळा होय काय, बाई?"

"हो. खस आहे."

"पुसाच्या थंडीत वाळा?" माय एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या दोन रांगा वळल्या. जिनात यंत्राच्या आवाजात बोलायची सवय, तिला हळू बोलता येत नसे. "काऊन वं पोरी, साऱ्याइले पडसं आनतं काय? वाळा थंडा असते. हा उन्हाळ्यात लावा लागते."

नेमकी तेव्हाच पहिल्या रांगेतली एक बाई शिंकली. मग दुसरी. लोक हसले. निर्मला लाल झाली. आदल्या उन्हाळ्यातलं उरलेलं अत्तर तिनं कपाटातून काढलं होतं आणि त्याला ऋतू असतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी ते काम नेहमी दुसरं कुणीतरी करी.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई उठून आल्या. त्या पुण्याच्या. आमचं वऱ्हाडी बोलणं त्यांना भांडणासारखं वाटे, त्यामुळे त्या घाईनं आल्या. "काय झालं? या कुणाच्या आई?"

मायनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर सोपं झालं असतं. ती समोर भिंतीकडे बघत राहिली आणि मला कळलं की मी बोलले नाही तर ती माझं नाव सांगणार नाही. विचारलं तर म्हणेल, अशीच आलो, ऐकायले.

"माझी," मी म्हणाले. सरावपाठाला वापरायचा तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. "माझी आई आहे, बाई. अत्तरातलं तिला कळतं."

रेक्टरबाईंनी एकदा मला, एकदा मायला बघितलं. "बरं. मग थंडीत काय लावतात?"

"हिना."

"तो आमच्याकडे नाही."

"माह्याजवळ हाय." मायनं चंची उघडून कुपी काढली.

"छान. द्या, निर्मला लावील."

"नाही बाई." माय उभी राहिली. "अत्तर माहं हाय, मीच लावीन. चालत असंन तं हात द्या."

आता हे सांगताना सोपं वाटतं. त्या हॉलमध्ये माझी माय कोण, कुठल्या वस्तीतली, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. तिच्या बोलण्यावरून, चपलांवरून, माझ्या आडनावावरून. वर्तमानपत्रांत काहीही छापून येवो, तिच्या हाताचं पाणी पिणाऱ्या त्यात किती होत्या ते मी सांगू शकले असते. काडी अत्तरात बुडलेली, वर उचललेली. काडीच्या टोकाशी तो काळपट थेंब. आणि पलीकडे रेक्टरबाई, हात शालीत.

फार वेळ नसेल गेला. शालीतून हात बाहेर आला आणि उपडा झाला. मायनं डाव्या हातानं त्यांची बोटं धरली, नीट धरली, घाई न करता, आणि हाताच्या पाठीवर थेंब ओढला. मग अंगठ्यानं जरासा चोळला. त्याशिवाय हिना चढत नाही.

रेक्टरबाईंनी हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "औषधासारखा आहे."

"थांबा जराशा," माय म्हणाली.

आम्ही सगळेच थांबलो. पन्नास-साठ माणसं एका बाईच्या नाकाकडे बघत. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या. फूल आलं होतं.

त्यानंतर माय मागच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत गेली. एकेक हात धरून, एकेक थेंब ओढून. काही हात आपणहून आले, काही शेजारणीनं कोपर मारल्यावर. पहिल्या रांगेत वसतिगृहाच्या कमिटीतल्या एक बाई होत्या. त्यांनी हात पदरात गुंडाळून घेतले आणि म्हणाल्या, "मला नको. मला शिंका येतात."

मायनं काडी मागं घेतली. राग नाही, काही नाही. "असू द्या बाई. हात नका देऊ. वास तं येईनच."

आणि आला. हॉलभर आला. पडद्यांना, सतरंज्यांना, तबकातल्या विड्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला आम्ही तिथं बसलो तेव्हाही तो होता. कमिटीतल्या बाईंच्या खुर्चीलाही होता. निर्मला माझ्या कानाशी म्हणाली, "देवका, वसतिगृहाचंच लगीन लावून गेली की गं तुझी माय." मी कपडे पुन्हा सोड्यात उकळले नाहीत.

संध्याकाळच्या गाडीवर मायला पोचवायला मी गेले. बडनेऱ्यापर्यंत ही छोटी गाडी, पुढं अकोल्याची मोठी. फलाटावर आम्ही बाकावर बसलो. ती एकेका हाताबद्दल सांगत होती, बाजारातून आल्यावर भाजीबद्दल सांगावं तसं. कुणाचा हात लोण्यासारखा, कुणाच्या बांगड्या उगाच जड, कुणाला सांधेदुखी आहे. "तुह्या रेक्टरबाईचा हात लय गार होता. बिचारी एकटीच राह्यते काय?"

मग म्हणाली, "पत्र भेटलं होतं बरं तुहं."

मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसले.

"लावलं नव्हतं मी," माय म्हणाली. "तू लिवलं होतं ना. पाह्य." तिनं डावं मनगट पुढं केलं. मी नाक नेलं. सोडा, घाम, आणि अगदी आत मुरलेला कापसाचा तेलकट वास. कानात फाया नव्हता. दिवसभर मी तिच्याजवळ गेलेच नव्हते, म्हणून मला कळलंही नव्हतं. "कुपी तं तुह्यासाठी आनली होती. तुही संपली असंन म्हनून."

तिनं साठ जणांना लावलं, स्वतःला लावलं नाही. दुसऱ्यांना चोळताना उजव्या अंगठ्याला लागलं असेल तेवढंच. माझं पत्र पाळायचं म्हणून.

मला रडू वगैरे येत नाही. तेव्हाही आलं नाही. मी तिच्याकडून कुपी मागून घेतली, बूच उघडलं आणि काडी बुडवली. "हात दे."

"काऊन?"

"दे म्हणते ना."

तिनं फलाटावर इकडं तिकडं बघितलं. मग हात मांडीवरून उचलला आणि हळूच उपडा केला. बोंडांच्या काट्यांनी चिरून चिरून झालेला हात. अकोटच्या त्या मांडवाशी उभा राहिला होता तो हाच. तेव्हापासून तिनं तो कुणापुढं असा धरला नव्हता. मी बोटं धरली, थेंब ओढला, अंगठ्यानं चोळला, तिनंच दिवसभर केलं होतं तसं.

तिनं हात नाकाशी नेला. औषधाचा वास जाईपर्यंत थांबली. गाडी लागली, लोक धावले, तरी ती बसून होती. फूल यायची वाट बघत.

"कमी लावत जा," शेवटी उठताना म्हणाली. "संपन."

मुंबईची बाटली मी परत करणार नाही, लेकीला वाईट वाटेल. उन्हाळ्यात वापरीन, वाळ्याऐवजी. पण नाताळाच्या सुटीत ती येईल तेव्हा थंडी असेल. ती दारात चपला काढत असतानाच मी कुपी घेऊन उभी राहणार आहे. दोघींत कुणी कुणाला आधी लावायचं एवढंच ठरायचं आहे. मला वाटतं, आधी मी हात पुढं करावा.